व्हर्निसच्या जागी जॉयलिन

गुरुवार उजाडला की ऑस्मंड टॅपरच्या कपाळावर आठ्या चढायच्या. ऑरेंज स्ट्रीटवरच्या डॅक्रेस मालकाच्या स्टुडिओत गुरुवारी सकाळी नवे गाणारे ऐकायचे, असा रिवाज होता, आणि ते ऐकायचं काम ऑस्मंडच्या गळ्यात पडलेलं. मालक पुढच्या दुकानात रेकॉर्डी विकत बसायचा. मागच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली एक मोडकी खुर्ची, तिच्यावर ऑस्मंड, मांडीवर गिटार, आणि फाटकाबाहेर ही रांग! गवंडी, सुतार, गोदीवरचे हमाल, शिंपी. अख्ख्या किंग्स्टनला एकदम कंठ फुटला होता. जो उठेल त्याला रेकॉर्ड काढायची होती.

ऑस्मंड प्रत्येकाच्या दोन-चार ओळी ऐकायचा आणि ठरलेलं वाक्य पुढे करायचा, "छान आहे. घरी जाऊन घोटा, पुढच्या महिन्यात या." शंभरातल्या नव्याण्णवांना हेच. माणूस दुखावत नाही आणि रांगही सरकते.

तसा तो वाईट नव्हता हो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटणार आहे. दारू बेताची, बायकोवर हात उगारला नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बारा वर्षं इमानेइतबारे गिटार वाजवली, गाण्यांना चाली बसवून दिल्या, बेसूर गळ्यांना सुरात आणलं. आणि बारा वर्षांत एकाही रेकॉर्डवर त्याचं नाव नाही. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर वर गाणाऱ्याचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात रचणाऱ्याचं. त्या खालच्या जागी डॅक्रेस मालकाचं नाव छापलं जायचं. मालकाला सूर आणि किटलीची शिट्टी यांतला फरक कळत नव्हता, पण टेप त्याची, दुकान त्याचं, मग गाणंही त्याचंच. सगळीकडे तसंच चालायचं.

ऑस्मंडची बायको लुरलीन म्हणायची, "रेडिओवर तुझी गिटार लागली की मला कळतं रे. पण शेजारणीला काय सांगू? मागे ते टिणटिण वाजतंय ना, तो माझा नवरा, असं सांगू?"

ऑस्मंड हसायचा. पण बोच होतीच.

जानेवारीतल्या एका गुरुवारी रांगेतून एक बाई आत आली. पन्नाशी उलटलेली, डोक्याला फडकं, पायांत पुरुषी बूट, हातात रिकामी टोपली. क्लॅरंडनच्या डोंगरातून पहाटेच्या बसनं कोरोनेशन बाजारात सुरण आणि कांद्याची पात विकायला येणाऱ्या बायका असतात ना, त्यांच्यातली. मागची पोरं फिदीफिदी हसायला लागली.

"काय मावशी, सुरणाची रेकॉर्ड काढायची का?"

"तुझ्या तोंडात कोंबायला एक आणलाय, थांब," बाई मागे न बघता म्हणाली. मग ऑस्मंडसमोर उभी राहिली आणि एकदम आवाज खाली आला. डोंगराकडे मानाच्या माणसाला 'मास' म्हणतात, तसं ती म्हणाली, "मास ऑस्मंड, मी आयसिल्डा. सिल्डा म्हणतात. मला गाणारीण व्हायचं नाही. एक गाणं आहे तेवढं. ऐकता का?"

"गा."

ती गायली. आवाज घोगरा, सूर मध्येच घसरायचा. पण गाणं असं होतं:

*व्हर्निस, ताट झाकून ठेवलंय,*
*दार लोटलंय, कडी नाही घातली.*

एवढंच फिरून फिरून, मध्ये दोन कडवी. कंदिलाची वात, शेजारचं कुत्रं अजून तिला ओळखेल, असलं काहीबाही.

"व्हर्निस माझी मुलगी," सिल्डा म्हणाली. "सहा वर्षं झाली लंडनला जाऊन. जाताना भांडून गेली. मी रागाच्या भरात म्हणून बसले, गेलीस तर या घराचं दार तुला बंद. एक पत्र नाही हो तिचं. पत्ता बदलला, पत्रं परत येतात. बाजारात कुणीतरी म्हणालं की तुमच्या रेकॉर्डी बोटीनं लंडनला जातात, आपली माणसं तिकडे त्याच ऐकत बसतात. म्हटलं, पत्र पोचत नाही तर गाणं तरी पोचेल. नाव कानावर पडलं की तिला कळेल. हो की नाही?"

तिच्या मागे अजून चाळीस माणसं खोळंबली होती. ऊन चढत होतं. तो म्हणाला, "छान आहे. घरी जाऊन घोटा, पुढच्या महिन्यात या."

"नक्की येते," ती म्हणाली. तिला ते वचन वाटलं. ठरलेलं वाक्य आहे हे त्या डोंगरातल्या बाईला कोण सांगणार?

ऑस्मंड विसरला. खरंच विसरला, ढोंग नव्हतं ते. दुपारपर्यंत त्यानं आणखी सदतीस गाणी ऐकली आणि संध्याकाळी त्यातलं एकही त्याला सांगता आलं नसतं.

पुढे पाचेक आठवड्यांनी डेल्विनची रेकॉर्ड करायची होती. डेल्विन म्हणजे मालकाचा लाडका गवई. गळा मधाचा, डोकं नारळाचं. स्वतःचं म्हणून जे गाणं घेऊन आला ते इतकं फुसकं निघालं की ढोलवाला ताल सोडून हसत सुटला. मालक दारात येऊन ओरडून गेला, "वादक दिवसावर बोलावलेत मी! संध्याकाळपर्यंत गाणं दिसलं नाही तर सगळे घरी जा आणि परत येऊ नका!"

 ऑस्मंडनं गिटार छेडता छेडता काहीतरी गुणगुणायला सुरुवात केली. बोटं आपोआप पडत होती. संथ चाल, त्या वर्षी सगळ्यांना हवी होती तशी. बास गिटारच्या खर्जाच्या तारेला मध्ये श्वास घ्यायला जागा होती. खर्जवाल्यानं मान वर केली आणि तोही वाजवायला लागला.

"हे काय आहे?" डेल्विन उडालाच. "ऑझी, हेच! हेच पाहिजे! कधी केलंस?"

आणि देवाशपथ सांगतो, त्या घटकेला ऑस्मंडलाही वाटलं की हे आपल्याला आत्ता सुचलंय. त्याला इतका आनंद झाला की डोळे मिटून तो शब्दांसकट गायला लागला. पहिल्याच ओळीला त्याची जीभ "व्हर्निस" म्हणाली. फडकं, पुरुषी बूट, रिकामी टोपली, सगळं समोर उभं राहिलं.

"ही व्हर्निस कोण आता?" डेल्विननं डोळा मारला. "सांगू का लुरलीन वहिनीला?"

वादक खो खो हसले. बोलायची वेळ हीच होती. 'एका बाईचं गाणं आहे, तिला बोलावू या,' बस, एवढं एक वाक्य. कुणी त्याला फाशी दिली नसती.

"कुणी नाही रे," ऑस्मंड म्हणाला. "सुचलं आपलं."

"मग जॉयलिन घाल. माझी जॉयलिन पंधरा दिवस रुसून बसलीये, हे ऐकून विरघळेल. बसतंय ना बरोबर?"

बसतच होतं. मात्रा सारख्याच. ऑस्मंडनं मान हलवली आणि व्हर्निसच्या जागी जॉयलिन आली. आधी वाद्यं वाजवून झाली, मग डेल्विनचा गळा वेगळा घेतला. नवीन मशीन होतं, वाद्यं टेपच्या एका पट्टीवर आणि गळा दुसऱ्या पट्टीवर. चार वाजता काम संपलंसुद्धा. घरी जाताना ऑस्मंड स्वतःला बजावत होता की गाणं काय, हवेतच असतं, कुणी आधी पकडतं कुणी नंतर. असल्या समजुती काढायला माणूस फार हुशार असतो.

गाणं पेटलं. आमच्याकडे नवी रेकॉर्ड पहिले काही आठवडे कोरीच विकतात. मधला कागद पांढरा, नाव ना गाव, म्हणजे दुसऱ्या दुकानवाल्यांना सुगावा लागत नाही, आणि गिऱ्हाईक काउंटरवर येऊन "ते ताट झाकलेलं द्या हो" म्हणून गाऊन दाखवतं. मार्चभर डॅक्रेसच्या काउंटरसमोर लोक नुसते गात होते. कागद कोरा होता तोवर ऑस्मंडला थोडं हलकं वाटायचं. नाव कुणाचंच नाही, तर चोरी तरी कुणाची?

मग लंडनहून मागणी आली आणि मालकानं त्याला दुकानात बोलावलं.

"तिकडे कोरं चालत नाही, छापील नाव लागतं," मालक म्हणाला. "गाणारा डेल्विन. रचणाऱ्याच्या जागी या वेळी तुझं नाव घालतोय, टॅपर. बारा वर्षं घासलीस माझ्याकडे. कधी नव्हे ते माझ्या मनात आलंय, तर तोंड वर करून नको म्हणू नकोस."

नको म्हणायला ऑस्मंडनं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण आतून निघालं ते "थँक्यू, मालक."

छापखान्यातून नमुन्याचा कागद आला. लुरलीननं तो गोल कापला आणि येशूच्या तसबिरीशेजारी पिठानं चिकटवला. *ओ. टॅपर.* शेजारणींना एकेक करून आत आणून दाखवलं. त्या दिवसापासून ऑस्मंड जेवायला त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागला. "वारा येतो इकडून," म्हणायचा. लुरलीन म्हणायची, "लाजतोय गं माझा नवरा," आणि शेजारणी हसायच्या. लाजत होता हे खरंच होतं. कशानं, ते तिला ठाऊक नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ढोलवाला आत येऊन म्हणाला, "ऑझी, फाटकाशी कुणी मावशी आलीये टोपली घेऊन. तुझं नाव घेतेय."

ऑस्मंडनं गिटार खाली ठेवली. "नाही म्हणून सांग."

"मी तर आहे म्हटलं."

"मग आजारी आहे म्हण!" आणि चाळीस वर्षांचा हा बाप्या मागच्या संडासात जाऊन कडी लावून बसला. अर्धा तास बसला. ढोलवाल्यानं बाहेरून हाक मारली, "काय खाल्लंस रे बाबा?" तरी बसून राहिला. तिथे अंधारात त्याला स्वतःची इतकी किळस आली की रडू फुटायचं बाकी होतं. ती काय बोलेल याची वाक्यं तो मनात जुळवत होता. चोर म्हणेल. अंगणात सगळ्यांसमोर ओरडेल. ओरडू दे, त्याला वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

बाहेर आला तेव्हा सिल्डा बदामाखाली टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती. त्याला बघून उठली आणि तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"मास ऑस्मंड! देव तुमचं भलं करो!"

त्याला काही कळेना.

"बाजारात रमवाल्याच्या रेडिओवर ऐकलं. हातातली पात खाली पडली हो माझ्या! मी सगळ्यांना सांगितलं, त्या माणसानं म्हटलं होतं पुढच्या महिन्यात या, आणि बघा, माझं यायचं राहून गेलं, तरी त्यानं काम केलं! आणि किती शहाणपण तुमचं! माझा आवाज गंजलेल्या फाटकासारखा, तो कोण ऐकणार लंडनला? तुम्ही तो गोड गळ्याचा पोरगा शोधलात." तिनं टोपलीखालून दोन मोठे पिवळे सुरण काढून त्याच्या हातात कोंबले. "हे घरी न्या. फक्त एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा," ऑस्मंड म्हणाला. 

"नाव तेवढं दुसरंच ऐकू आलं. जॉयलिन म्हणतो तो पोरगा. मी म्हटलं, सिल्डे, तुला काय कळतं, त्यात काहीतरी कारण असेल."

तिच्या डोळ्यांत संशयाचा लवलेश नव्हता. तिनं त्याला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं. या भाबडेपणाला काय उत्तर देणार?

"ते... ते इथल्या रेकॉर्डवर," ऑस्मंड म्हणाला. "इथल्या लोकांसाठी. लंडनला जाते ती वेगळी गाऊन घेतात. तिच्यावर व्हर्निसच असणार."

"बघा! मी म्हटलंच होतं, कारण असेल!" सिल्डा हसली तेव्हा खालचे दोन दात नसलेले दिसले. "आमच्या पाद्रीबाबांनी लंडनच्या चर्चला पत्र घातलंय. तिथे आपली माणसं जमतात, त्यांना सांगा म्हणून, की व्हर्निस नावाची कुणी असेल तर तिला म्हणावं रेकॉर्ड ऐक, तुझ्या आईनं नाव घेतलंय त्यात. आता नक्की कळेल तिला."

ती गेली. ऑस्मंड दोन सुरण छातीशी धरून उभा राहिला. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. त्याला मनाची होती, भरपूर होती. तीच तर पंचाईत. नुसती लाज असून भागत नाही, तिला पाय लागतात.

एवढं मात्र खरं की तो तडक मालकाकडे गेला. कारण अजून वेळ होती. टेप शनिवारच्या बोटीनं जायची होती, आणि गळा वेगळ्या पट्टीवर होता. डेल्विनला बोलावून पुन्हा गाऊन घ्यायचं, अर्ध्या तासाचं काम.

"मालक, लंडनच्या टेपवर ते नाव बदलून घेऊ या. जॉयलिनच्या जागी व्हर्निस."

मालकानं चष्मा वर केला. "का?"

"का" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्याचं होतं. ते दिलं की बाकीचं आपोआप झालं असतं. पण त्या वाक्याबरोबर येशूशेजारचा तो गोल कागदही भिंतीवरून उतरला असता, आणि शेजारणी, आणि लुरलीनचा चेहरा.

"व्हर्निस जरा... कानाला गोड लागतं," ऑस्मंड म्हणाला.

"अरे वा! गाणं तुझं, जॉयलिन घातलीस तू, आणि आता लोक नाचायला लागल्यावर तुझा कान जागा झाला? चालत्या गाडीला खीळ घालू नकोस, टॅपर. जा, गिटार पूस."

आणि ऑस्मंड गेला. मी प्रयत्न केला होता, असं तो स्वतःला सांगत गेला. शनिवारी बोट सुटली.

ईस्टर सोमवारी अख्खं किंग्स्टन समुद्रावर लोटतं. डॅक्रेसच्या साउंडची लॉरी सकाळीच वाळूत लागली होती, लाउडस्पीकरची कपाटाएवढाली खोकी रचलेली, त्यांतल्या खर्जानं पोटातली ईस्टरची बन आणि चीज हलत होती. लुरलीननं नवा पिवळा झगा घातला होता. "चल की, मागे काय राहतोस? आज तुला बघायला येतील लोक," असं म्हणत तिनं ऑस्मंडला ओढत पुढे, पार रेकॉर्डी लावणाऱ्या माइकवाल्याच्या टेबलापर्यंत नेलं.

आणि टेबलापासून दहा पावलांवर सिल्डा बसली होती. आज सुरणाऐवजी पुढ्यात तळलेल्या माशांची परात. तिनं त्याला बघून हात हलवला, जवळच्या नात्यातल्या माणसाला हलवावा तसा. ऑस्मंडनंही हलवला.

दुपारी तीनच्या सुमाराला माइकवाल्यानं नवी प्लेट काढली. हे खूळ त्याच सुमाराला निघालं होतं: नाचासाठी खास कापलेली मऊ प्लेट, तिच्यावर नुसती वाद्यं, गळा नाही. गर्दीनं स्वतः गायचं. सुई टेकली, खर्ज घुमला, ऑस्मंडची स्वतःची गिटार टिणटिणली, आणि माइकवाला ओरडला, "आज डेल्विनला सुट्टी! तुम्हीच गा!"

दोन-तीन हजार माणसं एकदम गायला लागली. *जॉयलिन, ताट झाकून ठेवलंय...*

आणि त्यात एक आवाज, घोगरा, घसरणारा, परातीमागे उभं राहून पूर्ण जोर लावून: *व्हर्निस!*

आजूबाजूच्या बायका वळल्या. ध्रुपद फिरून आलं तेव्हा पुन्हा *व्हर्निस!* कुणी खिदळलं.

"अगं मावशी, चुकतेयस! जॉयलिन आहे ते."

"जॉयलिन इथलं," सिल्डा ठामपणे म्हणाली. "खरं नाव व्हर्निस. लंडनच्या रेकॉर्डवर आहे."

"मासे तळून तळून डोक्यात धूर गेलाय मावशीच्या!"

"मला शिकवू नका. गाणं माझं आहे."

आता तर हास्याचा कल्लोळच उठला. "ऐका हो ऐका, गाणं हिचं!" "मग डेल्विन काय हिचा मुलगा?" माइकवाल्यालाही गंमत वाटली. त्यानं सुई उचलली. एकदम शांतता झाली, लाटांचा आवाज यायला लागला. "भांडू नका, बायांनो! रचणारा इथेच उभा आहे. त्यालाच विचारू या." आणि त्यानं माइक ऑस्मंडच्या हातात दिला. "मिस्टर टॅपर, सांगा बघू मावशींना. काय शब्द आहे?"

सगळा किनारा त्याच्याकडे बघत होता. लुरलीन कौतुकानं हसत होती, कोपरानं ढोसत होती. सिल्डाही हसत होती. तिला कसलीच काळजी नव्हती. सांगेल आता मास ऑस्मंड, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिनं त्या बायकांकडे बघून हनुवटी उचललीसुद्धा.

ऑस्मंडनं माइक तोंडाशी नेला. मनातल्या मनात तो म्हणाला, व्हर्निस. अगदी स्पष्ट म्हणाला.

"जॉयलिन," खोक्यांमधून त्याचा आवाज आला, कपाटाएवढ्या सगळ्या खोक्यांमधून, पार पाण्यापर्यंत. "जॉयलिन आहे ते."

लोकांनी टाळ्या पिटल्या. सिल्डाची हनुवटी हळूहळू खाली आली. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि कळायला तिला फार वेळ लागला नाही. डोंगरातली असली तरी खुळी नव्हती ती. त्या गोंगाटात ती काही मोठ्यानं बोलली नाही. पण दहा पावलांवरून त्याला सगळं ऐकू आलं.

"म्हणजे तिकडेही तेच," ती म्हणाली.

ऑस्मंडनं माइक टेबलावर ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला भर उन्हात कळलं.

"परत! परत!" लोक ओरडले. माइकवाल्यानं सुई पहिल्यापासून ठेवली. सिल्डानं फडक्याला हात पुसले, सरळ उभी राहिली, आणि सगळ्यांबरोबर गायला लागली. *जॉयलिन, ताट झाकून ठेवलंय. दार लोटलंय, कडी नाही घातली.* एक शब्द चुकवला नाही. प्रत्येक जॉयलिनला ती ऑस्मंडकडे बघत होती. रागानं बघत नव्हती. मास्तरांना धडा म्हणून दाखवताना पोर बघतं, तशी बघत होती.

गाणं संपल्यावर लुरलीन मासे घ्यायला परातीशी गेली. मोठ्या मनाची बाई, चिडवलेल्या म्हातारीला जरा बरं वाटावं म्हणून प्रेमानं म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ हं, मावशी. आता पाठ झालं ना?"

"झालं गं बाई," सिल्डा म्हणाली. "पाठ झालं." आणि दोन मोठे मासे निवडून कागदात बांधून तिच्या हातात दिले. "हे तुझ्या नवऱ्याला."